मोरीला दार

माझ्या हातून आजवर जे काही बरं झालं असेल त्याच्या मुळाशी वाघमारे सर आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जी फजिती येणार आहे तिचा दोष त्यांच्याकडे जाणार नाही. थोडासा जाईल, पण तो मी त्यांना पत्राने कळवला आहे.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील चढले होते, पण ते ती पायरी बांधायला, गवंड्याच्या हाताखाली. दहावीनंतर मला विटा वाहायला पाठवायचं ठरलं तेव्हा सरांनी मला आपल्या ओसरीवर आणून बसवलं आणि वडिलांना सांगितलं, "याला विटाच उचलायच्या असतील तर इंजिनिअर होऊन दुसऱ्यांकडून उचलू दे." तसा मी सिव्हिल इंजिनिअर झालो आणि सोलापुरात एका ठेकेदाराकडे कालव्यांच्या दारांच्या कामाला लागलो. आपल्या सांगोल्याकडच्या लोकांना सांगायला नको, आपल्याकडे कालव्याला दार असतं, पण पाणी येईलच याची खात्री नसते. म्हणून २००५ सालच्या जुलैतल्या महापुरानंतर पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर ठेकेदारसाहेबांनी मला बोलावून, "बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या बाजूला पाणी आहे पण दार नाही, तू जा," असं सांगितलं, तेव्हा मला देवाने हिशेब पुरा केल्यासारखं वाटलं.

निघण्यापूर्वी

काम असं होतं. पावसात नाले भरून खाडीकडे धावतात. नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती आली तर खाडीचं पाणी उलटं नाल्यात शिरतं, आणि दोन्ही पाणी मिळून लोकांच्या घरात बसतात. म्हणून नाल्यांच्या तोंडाशी भरती अडवणारी मोठी दारं बसवावीत असा विचार चालला होता. त्याआधी एका लहान मोरीवर एक दार बसवून बघायचं होतं. ते माझ्याकडे आलं.

आईला मी एवढंच सांगितलं, "मोरीला दार बसवायला मुंबईकडे चाललोय."

आईने डोळ्याला पदर लावला. "एवढा शिकलास ते लोकांच्या न्हाणीला दारं लावायला?"

रस्त्याखालून पाणी जायला जी वाट बांधतात तिलाही मोरीच म्हणतात, हे मी तिला नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "मोठ्या मोऱ्यांची कामं आहेत."

सरांकडे निरोप घ्यायला गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली. सरांनी खुर्ची दिली की काहीतरी अवघड काम असतं.

"नागनाथ, तिथे शालन आहे," ते म्हणाले. शालनआत्या ही सरांची धाकटी बहीण. लग्न होऊन बदलापूरला गेली ती तिथलीच झाली. पती दुष्काळात गाव सोडून अंबरनाथच्या कारखान्यात लागले होते, ते वारले. मुलगी वांगणीला दिली. आत्या नदीकाठच्या एका इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. महापुरात तिच्या घरात पाणी शिरलं, फोन बंद पडले, आणि ती जिवंत आहे हे सरांना कळेपर्यंत सरांनी अन्न घेतलं नव्हतं. तेव्हापासून आपल्याकडे आभाळ आलं की सगळं गाव खूश होतं आणि सर एकटे अंगणात येरझाऱ्या घालतात.

"मी तिला म्हणतो परत ये. ती म्हणते, खाडीला दार बसतंय, आता पाणी यायचं नाही. तू इंजिनिअर आहेस. बघून ये. दार बसल्यावर तिचं घर कोरडं राहणार असेल तर मी पुन्हा परत ये म्हणणार नाही. राहणार नसेल तर मी स्वतः जाऊन तिचं सामान बांधतो. पण खरं असेल ते लिही. फोन नको. फोनवर माणूस समजूत घालतो. पत्र लिही."

मी हो म्हणालो. खुर्ची देऊन मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही.

बदलापूर

आत्याने दारातच ओळखलं. "जय भीम, इंजिनेर! दादानं पाठवलं नव्हं? टेहळणीला?" इतक्या वर्षांत तिची बोली पार मुंबईकडची झाली होती, शेजारणीशी ती "अगं टेन्शन घेऊ नको" असं बोलत होती. पण मला बघताच तिच्या तोंडून सांगोला बाहेर आला.

मी ज्वारी, डाळिंबं आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिने ज्वारीचा वास घेतला, डबा कपाटात ठेवला आणि मला तांदळाची भाकरी वाढली. ही भाकरी पांढरी, मऊ आणि सभ्य असते. आपल्या भाकरीसारखी ती वाद घालत नाही. सोबत सुकट होतं आणि तळलेला ओला बोंबील. बोंबील तोंडात घातला आणि काटा काढायला थांबलो, तर खायलाच काही उरलं नव्हतं. "गिळलास व्हय काट्यासकट?" आत्या म्हणाली. "गिळ. त्याचा काटा पण मवाळ असतो."

जेवताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पंख्याच्या बटणाच्या वर एक तपकिरी रेघ सगळ्या खोलीभर फिरली होती. तिच्या खाली भिंतीला नवा पिवळा रंग होता, रेघ मात्र तशीच ठेवलेली. बुद्धाची मूर्ती असलेली फळी त्या रेघेच्या वर ठोकली होती, टीव्हीसुद्धा मान मोडेल इतक्या उंचीवर होता.

"रेघ का नाही रंगवली?"

"पाव्हणा कुठवर आला होता ते कळायला नको? पुढच्या वेळी सामान किती वर ठेवायचं ते समजतं."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"वरच्या मजल्यावर. समदी बिल्डिंग वर. पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येतंय, आन गच्चीला कुलूप! किल्ली पाटणकरांकडं, पाटणकर मुंबईला ऑफिसात अडकलेले." पाटणकर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. "शेवटी माझा वरवंटा नेला आन कुलूप फोडलं. गच्चीवर अख्खी बिल्डिंग एका ताडपत्रीखाली."

"मग आता कुलूप नाही ना?"

"आहे की! नवीन, पितळी. पहिल्यापेक्षा मोठं."

"का?"

"पापड चोरीला जातात," आत्या म्हणाली.

मी तिला माझं दार समजावलं. लोखंडी पत्र्याचं दार, वरच्या बाजूला बिजागऱ्या, मोरीच्या तोंडावर खाडीच्या अंगाला झुलतं टांगलेलं. नाल्याच्या पाण्याने आतून ढकललं की उघडतं, भरतीने बाहेरून ढकललं की मिटतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

आत्याने विचार केला. "म्हंजे पाव्हण्यांना जाऊ द्यायचं, येऊ द्यायचं नाही. मला एक करून दे की!" मग ताटात आणखी एक बोंबील घालून ती हळूच म्हणाली, "दादाला लिही, दार बसलं म्हणून. एवढंच लिही. खोटं कुठं आहे त्यात?"

खोटं नव्हतं. बोंबील उत्तम होता. मी मान खाली घालून जेवलो.

उल्हासनगर

अंबरनाथला साहेबांच्या ओळखीचं लहानसं कार्यालय होतं, तिथून कागद घेतले आणि नाल्याच्या काठाकाठाने खाली निघालो. आपल्याकडे ओढ्याला वर्षभर एकच रंग असतो, कोरडा. इथे नाल्याचा रंग रोज बदलतो. काठावरच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आज गुलाबी आहे. काल यायला पाहिजे होतं, काल हिरवा भारी होता." त्याला त्याची सवय झाली होती आणि मला त्याच्या चहाची भीती वाटली.

दार करून घ्यायला मला उल्हासनगरच्या एका कॅम्पातल्या गेटवाल्याकडे पाठवलं होतं. दुकानात गेट, ग्रिल आणि शटर इतकी उभी होती की आत शिरायला दार सापडेना. मालक गोरे, गोल, साठीचे सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना साईं म्हणत आणि तेही सगळ्यांना साईं म्हणत, त्यामुळे कोण कोणाला बोलतंय हे कळायला मला वेळ लागला.

साईंनी नकाशा उलटा धरला. "छोटा गेट है. बंगल्याचा? लेफ्ट ओपनिंग की राइट?"

"वर ओपनिंग. बिजागऱ्या वरती."

"मांजरासाठी?"

"समुद्रासाठी," मी म्हणालो आणि सगळं समजावलं.

साईंनी चष्मा काढला. "समुंदर के लिए गेट! साईं, चाळीस साल में ऐसा ऑर्डर नहीं आया." त्यांनी आतून दाल-पकवान मागवलं. पकवान म्हणजे पुरीएवढा कुरकुरीत पापड, वर हरभऱ्याची डाळ, चिंच, कांदा. मी शिष्टाचार म्हणून चमच्याने खायला गेलो, तर चमचा मोडेल असं दिसलं. साईंनी पकवान हाताने फोडायला शिकवलं. "पाणी आमचा देव आहे," ते मराठीत म्हणाले, "मासळीवर बसतो तो. म्हणून गेटवर मासळी काढणार. मोर नाही, गणपती नाही. मासळी. फ्री."

दोन दिवसांनी दार तयार झालं. पत्रा, रबरी पट्टी, बिजागऱ्या, सगळं नकाशाबरहुकूम, आणि मध्यभागी वेल्डिंगने काढलेली हसरी मासळी. खालच्या कडेला एक चकचकीत कडी होती आणि मोरीच्या चौकटीला लावायचा कोयंडा. दार आपटलं की कडी आपोआप कोयंड्यात पडेल अशी.

"साईं, ही कडी नको होती. हे दार आपोआप उघडायला हवं."

साईं दुखावले. "बिना कडी का गेट? फिर वो गेट कैसा, वो तो पत्रा है! कोई भी धक्का देके अंदर आएगा."

"समुद्राने बाहेरून धक्का दिला की ते बंदच होतं."

"और चोर ने दिया तो?"

समुद्राच्या तोंडावरच्या मोरीतून चोर कशासाठी येईल, हा प्रश्न मला विचारायचा होता. पण दाल-पकवान खाल्लेलं होतं, कडीही फुकट होती, आणि साईं ती उघडून मिटून दाखवताना इतके खूश होते की मी म्हणालो, "असू दे. मी ती सुतळीने वर बांधून ठेवीन."

खाडीच्या तोंडाशी

मोरी उल्हासनगरच्या पलीकडे होती. रस्ता, रस्त्याखाली वाकून चालता येईल एवढी मोरी, एका बाजूला खाडीचा चिखल आणि दुसऱ्या बाजूला नाला आणि त्याच्या काठी एक चाळ. दर पावसाळ्यात खाडी त्या मोरीतून चाळीत यायची.

मदतीला नाना नावाचे आगरी गृहस्थ होते. त्यांची होडी तिथेच बांधलेली असे. नानांना माझं दार पसंत नव्हतं. "सायब, दार उलटा लाव. बाहेरून आत उघडू दे. मासली आत येल, मंग बंद." मी म्हणालो, मासळी नाही, पाणी अडवायचंय. नाना म्हणाले, "पानी अडवून कोनाचा पोट भरला?"

आदल्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, उद्या काम करता येईल का? नाना म्हणाले, "उद्या बरा. उद्या भांग हाय."

मी चपापलो. नाना सज्जन वाटले होते. मी म्हणालो, "मी घेत नाही, आणि कामाच्या दिवशी तुम्हीही घेऊ नका."

नानांनी कान पुढे केला. "काय घेव नको?"

"भांग."

नाना हसून हसून होडीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "भांग म्हंजे पान्याचा, सायब! अष्टमीचा पानी! उधानाचा पानी मोठा, भांगाचा पानी कमी."

आणि मला एकदम सरांचा वर्ग आठवला. भांगाची भरती! आठवीच्या भूगोलात होती. सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आम्हीही नव्हता, पण सरांनी फळ्यावर चंद्र-सूर्य काढून असं शिकवलं होतं की कोणी विसरणार नाही: "अमावास्या-पौर्णिमेला समुद्र पगार झाल्यासारखा उधळतो, ती उधाणाची भरती. अष्टमीला तोच भांग पिऊन पडून राहतो, हलत नाही. ती भांगाची भरती." परीक्षेत मी हे जसंच्या तसं लिहिलं होतं आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

तेव्हा दुसऱ्या दिवशी ओहोटीला दार टांगून झाल्यावर मी निश्चिंत होतो. कडी मी सुतळीने वर बांधली होती. आतून रबरी पट्टी नीट बसते का ते पाहायला मी मोरीत शिरलो. बाहेरून नाना ओरडले, "सायब, भांग हाय, पानी कमी येल. पन येल!"

मला पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसऱ्याची मला गरज नव्हती. पडून राहिलेला समुद्र कसा येईल? सरांनी सांगितलं होतं.

मी पट्टीवर खडूने खुणा करत होतो. पायाला गार लागलं. दार एकदा हलकं आपटलं. मला आनंद झाला, दार चालत होतं. पुन्हा आपटलं. मग बाहेरून मोठं ठण्ण झालं, दार मिटलं, उजेड गेला आणि कडी कोयंड्यात पडल्याचा गोड आवाज आला. साईंचं काम खरोखर सुबक होतं.

"नाना! कडी पडली! सुतळी कुठे गेली?"

बाहेरून नाना म्हणाले, "ती व्हय? ती मी घेतली. चिंबोरी गावली व्हती, तिची नांगी बांधाला."

"आता कडी काढा!"

"कडी खाली हाय सायब. खाली पानी हाय!"

बिजागऱ्या वर असल्याने कडी खाली, हे तत्त्व मला पाठ होतं. पुढे खाडी होती, मागून नाला वाहत येत होता आणि त्याला जायला वाट नव्हती. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. दुसऱ्या टोकाला उजेडाचा चौकोन दिसत होता. मी वाकून, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने नकाशा डोक्यावर धरून तिकडे निघालो. त्या दिवशी नाला कोणत्या रंगाचा होता हे मला मोरीबाहेर आल्यावर कळलं. निळा होता.

बाहेर आलो ते चाळीच्या मागच्या अंगणात. तिथे मांडव घातला होता आणि बारसं चाललं होतं. पाळण्याभोवतीच्या बायकांनी नाल्यातून वर येणारं निळं ध्यान पाहिलं आणि गाणं थांबलं. बाळ मात्र हसलं. मी नमस्कार केला आणि म्हणालो, "घाबरू नका, मी इंजिनिअर आहे."

खुर्चीत बसलेल्या आजीबाई बाळाच्या पणजी असाव्यात. त्या जराही हलल्या नाहीत. "तूच का तो दारवाला?"

"हो."

"बसलं दार?"

"बसलं."

"पक्कं?"

"आजी," मी म्हणालो, "माझ्याइतकी खात्री कोणी देऊ शकणार नाही."

त्यांनी मला दोन बादल्या पाणी, एक लुंगी आणि द्रोणभर घुगऱ्या दिल्या. घुगऱ्या खात असताना आजी मांडवाच्या कडेकडे बघत होत्या. नाल्याचं पाणी हळूहळू चढत मांडवाच्या पहिल्या खांबाला लागलं होतं.

"हे काय रे?"

"कडी लागलीय. नाला तुंबलाय. ओहोटी लागली की काढतो."

"आधी खाडी यायची," आजी म्हणाल्या. "आता नाला येतोय. दोघांतलं कोणतं यायचं ते एक ठरवा, म्हणजे पाळणा कुठे बांधायचा ते आम्ही ठरवू."

ओहोटी लागली. नाना आणि मी लुंगी खोचून चिखलात उतरलो आणि करवतीने कडी कापली. कडी निघाल्याबरोबर दार स्वतःहून उघडलं, नाला खळखळत खाडीत गेला आणि मांडवाचा खांब मोकळा झाला. पुढच्या भरतीला दार मिटलं, खाडी बाहेर राहिली. त्यापुढच्या ओहोटीला उघडलं. कोणी हात लावला नव्हता. नानांनी मला चिंबोरी दिली. सुतळीसकट.

साईंना फोन करून सांगितलं की कडी कापली. ते म्हणाले, "लगी थी ना? अपने आप?"

"लागली होती."

"पहिल्या झटक्यात?"

"पहिल्या झटक्यात."

"देखा!" साईं म्हणाले. "मैं बोला था."

पुन्हा बदलापूर

आत्याने चिंबोरीचं कालवण केलं. मी निम्मं कालवण आणि सगळी हकीकत संपवली. ती हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "बघ, दार बसलं की नाय? लिही दादाला."

मी म्हणालो, "आत्या, उद्या नदीवर जाऊ."

सकाळी आम्ही गावाच्या बाजूला नदीकाठी गेलो. मी कार्यालयातून आणलेला नकाशा पसरला. त्यावर जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेषा होत्या. भरती जिथवर चढते ती जागा मी दाखवली आणि मग बोट सरकवत बदलापूरपर्यंत आणलं. खूप सरकवावं लागलं.

"समुद्र इथपर्यंत येत नाही. तुमच्या घरात आलं ते पाणी खालून आलं नव्हतं. वरून आलं, डोंगरातून. खाडीवर कितीही दारं बसवली तरी ती तुमच्या उपयोगाची नाहीत. चाळीतल्या आजींच्या उपयोगाची आहेत."

आत्याने नकाशावरची नदी बोटाने वरून खाली नेली. काठावर एक माणूस म्हैस धूत होता. "मला ठावं होतं," ती शेवटी म्हणाली. "तीस वर्षं नदी बघतेय. ती इथनं खालीच जाते, वर कधी आली नाही. पण दादाला सांगायला काहीतरी दार हवं होतं."

"मग परत का येत नाही तुम्ही?"

ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "सांगोल्यात पाणी नव्हतं म्हणून आमाला इकडं यावं लागलं. आता इथं पाणी आहे म्हणून परत जाऊ? माणसानं मग राहावं कुठं?"

मी नकाशाची घडी घातली. आम्ही घरी आलो. जिन्याशी आलो तेव्हा मी सहज वर गेलो, गच्चीच्या दारापर्यंत. पितळी कुलूप चकाकत होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि कमरेला पुन्हा ते गार पाणी लागल्यासारखं झालं. मी खाली येऊन म्हणालो, "आत्या, पाटणकरांना चहाला बोलवा."

पाटणकर आले. सडसडीत, इस्त्रीचे कपडे, खिशाला किल्ल्यांचा जुडगा. मी त्यांना मोरीची सगळी गोष्ट सांगितली. ते इतके हसले की त्यांना उचकी लागली. "म्हणजे कडी बाहेरून, आणि तुम्ही आत! आणि ज्याने सुतळी नेली तो खेकडे पकडतोय!"

"हो. आणि किल्ली ज्याच्याकडे तो मुंबईला," आत्या म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पाटणकरांची उचकी थांबली. ते भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिले. मग पडेल आवाजात म्हणाले, "पण वहिनी, पापड? मागच्या वर्षी आमच्या हिचे उडदाचे अख्खे गेले."

"पापड मी राखीन. तुमच्या हिचे, समद्यांचे. पावसाळा असो नसो, रोज वर जाईन."

"आणि कबुतरं?"

"ती पण मी."

पाटणकरांनी जुडग्यातून एक किल्ली काढली. ती निघता निघेना, नख तुटलं. वर जाऊन त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि ते कुठे ठेवावं हे न सुचून खिशात टाकलं. नव्या शर्टाची इस्त्री मोडली. गच्चीवर वारा होता. दूरवर डोंगर दिसत होते, जिथून ते पाणी आलं होतं.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. आत्या समोर बसून तांदूळ निवडत होती.

सरांना पाठवलेलं पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आपण खरं लिहायला सांगितलं होतं. दार बसलं आहे आणि चांगलं चालतं. पण ते शालनआत्यांच्या घराचं पाणी अडवणार नाही. समुद्र बदलापूरपर्यंत येत नाही, पूर डोंगरातून येतो. पुन्हा तसा पाऊस झाला तर त्यांच्या खोलीत पाणी येईल. रेघेपर्यंत येईल की नाही ते मला सांगता येणार नाही.

आपण ठरवल्याप्रमाणे सामान बांधायला यावं लागेल, असा याचा अर्थ होतो. पण दुसरीही गोष्ट खरी आहे. त्या दिवशी बिल्डिंगमधली माणसं घाबरली ती वरचं दार बंद होतं म्हणून. ते कुलूप आज निघालं. खोलीत पाणी येईल, पण आत्या तिथे नसतील. त्या वर असतील, आणि पापडांसाठी रोज वर जाण्याची त्यांना सवय झालेली असेल. त्या म्हणतात, तिथे पाणी नव्हतं म्हणून इकडे आलो, इथे पाणी आहे म्हणून परत का जावं. मला यावर उत्तर सुचलं नाही. आपल्याला सुचलं तर कळवावं.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात थांबतो. आपण शिकवलं होतं की अष्टमीला समुद्र भांग पिऊन पडून राहतो. सर, तो पडून राहत नाही. कमी येतो, पण येतो. माझ्या कमरेपर्यंत आला. पुस्तकात 'भांगाची भरती' असं होतं, 'भांगेची' नव्हतं, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्या उत्तराला आपण मला पूर्ण गुण दिले होते. ते पाण्यात गेले. बाकी आपण दिलेलं सगळं कोरडं आणि शाबूत आहे.

आपण समुद्र पाहिलेला नाही. या. मी रजा काढून न्यायला येईन. सामान बांधायचं की नाही ते इथे येऊन, गच्चीवर बसून ठरवा. नानांच्या होडीतून आपल्याला भरती दाखवीन. भांगाच्या दिवशी जाऊ. उधाणाच्या नको.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
नागनाथ

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेव्हा आत्यांनी मान वर न करता सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो: "दादाला म्हणावं, गच्चीवर समद्या बिल्डिंगचे पापड घातलेत आन राखायला मी एकटी. पेन्शनर माणसाला दुसरं काम काय? ये. कुलूप नाही."